दोन बोटं शिल्लक

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्याला लागून
येसो गिरपाचं गॅरेज. पाटी नाही.
दारात ट्रॉलरचं एक इंजिन उताणं पडलेलं,
त्याच्या सिलिंडरांत कुणीतरी अबोली लावलीय.

मी सांगितलं : पुढून आपटते.
मठच्या घाटीत ब्रेक दाबला की
डबकं दिसलेल्या म्हशीसारखी
तोंड खाली घालून बसते,
आणि रस्त्यातला खडा न् खडा
मनगटातून खांद्यापर्यंत चढतो.
तो बोलला नाही. हँडल धरून तीनदा दाबलं,
तिसऱ्यांदा कान लावून.
"तेलाचा पाणी झाला."

चाक निघालं. पुढचे दोन्ही पाय निघाले,
पत्र्याच्या डब्यावर उलटे झाले.
आलं ते काळं, पातळ,
भिजलेल्या सुकटासारखं वास मारणारं.
अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर
मी ह्याच्यावर भार टाकून आले होते.

नव्या स्प्रिंगा पुण्याहून, एसटीच्या पार्सलात,
जाड तारेच्या.
"आता वजन सांग."
सांगितलं, चार किलो चोरून.
"घरातला नको. वाटेवरचा सांग. मागे कोण?"
कुणी नाही.
"मगे सामान?"
तंबू, स्टोव्ह, पाण्याचा कॅन,
हर्णैच्या मावसबहिणीला फणसाचे पापड,
आणि टाकीवरच्या बॅगेत एक इस्त्री,
कोळशाची, पितळी.
त्यानं ती हातात घेऊन तोलली.
विचारलं काही नाही. वहीत लिहिली :
इस्त्री, सहा.

पंधरा नंबरचं तेल ओतलं. नळी
हळू वर, हळू खाली,
आतले बुडबुडे मरेपर्यंत.
हे करताना तो कुणाशी बोलत नाही.
मग स्प्रिंगेच्या डोक्यावर
नळाच्या दुकानातला पीव्हीसीचा तुकडा,
आणि चकचकीत दांड्याला आवळलेला
एक काळा केबलटाय.
"जा शिरोड्याक. बघून ये."

मोचेमाडच्या पुलावर, सांध्या-सांध्याला
माझे दात वाजले.
टाय जागचा जेमतेम हलला होता.
"दगड झालो," येसो म्हणाला, स्वतःवर चिडल्यासारखा,
आणि करवत घेतली.
पाच मिलिमीटर पांढरा भुसा
त्याच्या पायाच्या केसांवर उडाला.

पुन्हा बसले, सगळ्या सामानासकट,
इस्त्रीसकट.
त्याचा नातू टेप धरून उकिडवा.
"हाडां सैल सोड गो.
माप घेताना सगळीच ताठ बसतत."
मी श्वास सोडला.
गाडी अजून एक सूत खाली गेली.
"हां. ह्या तुझा खरा वजन."

ह्या खेपेला रेडीपर्यंत गेले,
खनिजाच्या डंपरांनी उसवलेल्या रस्त्यानं.
पुढचं चाक खड्ड्यात उतरलं,
वर आलं, आणि थांबलं.
एकदाच. मागून उसळी नाही.
येताना शिरोड्याची मिठागरं दिसली.
वर्षातून चारदा मी इथून जाते,
पण नजर कायम चाकापुढच्या दहा हातांवर;
ती इतकी पसरलेली आहेत
हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तो दांड्यापुढे बॅटरी धरून बसला,
धक्क्याच्या खांबावर भरतीची रेघ बघावी तसा.
"हयपर्यंत इला."
टायच्या वर दोन बोटं दांडा कोरडा, लखलखीत.
ही का सोडली? अजून थोडं कापलं तर
आणखी मऊ होईल की.
"दिसाचो नाय, त्या खड्ड्यासाठी ती.
होडयेन लाट घेवची.
पण सगळी होडी एका लाटेक देवची नाय."

साडेतीन हजार झाले, तेलाचे वेगळे.
फडक्यानं दांडा पुसून त्यानं टाय
अंगठ्यानं खाली, सीलपर्यंत सरकवला,
उद्याच्या रस्त्यासाठी.
मी हेल्मेट घालत होते.
बर्फाचा टेम्पो मागं घेत कुणीतरी ओरडत होतं,
म्हणून त्याला जवळ येऊन सांगावं लागलं :

"हर्णैक इस्त्री उतरवलंस की परत ये.
चार मिलिमीटर काढूचे लागतले."