एक हजार मीटर

वहीत दोनच शब्द चालतात: फॉग, नाहीतर मिस्ट.
आपण दोन्हींना धुकंच म्हणून मोकळे झालो असतो,
पण न्यूफाउंडलंडच्या या खडकाळ टोकावर
ड्रुसिला पार्डीला तसं मोकळं होता येत नाही.
हजार मीटरच्या आतलंच दिसेनासं झालं, तर फॉग.
त्यापुढचं धूसर का होईना दिसलं, तर मिस्ट.
बाप वेगळं सांगायचा:
मिस्टमध्ये डोळे बारीक करायचे,
फॉगमध्ये कान मोठे.

पाण्यावर टेप धरून कोण उभं राहणार?
म्हणून खुणा ठरलेल्या.
तीनशेवर कॉड वाळवायचा माच,
सहाशेवर चर्चचा कललेला मनोरा,
आणि हजारावर, खाडीपल्याड,
एफ्रेमचं पिवळं घर.

एफ्रेम तिचा सख्खा भाऊ.
बापाच्या होडीवरून बिनसलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.
होडी कधीच कुजून गेली.
अबोला टिकला, डांबर फासून ठेवल्यासारखा.

तरी दिवसातून चार वेळा ती त्याच्या घराकडे बघते,
स्वेटरच्या बाहीनं काच पुसून.
कामाचा भाग म्हणून.
रात्री बाराला भिंती कुठल्या दिसायला,
तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा.
इतक्या रात्री तो दिवा कशाला लावून ठेवतो,
हे तिनं विचारलं नाही.
विचारणार कोणाला?

नोव्हेंबरातल्या एका रात्री हवा काचेसारखी होती.
मैलोगणती दूरचं दीपगृह उघडझाप करत होतं,
चर्चवर चांदणं,
आणि हजारावर काहीच नाही.

तिनं पेन्सिल उचलली.
फॉग? मिस्ट?
पेन्सिल ठेवली.
गाउनवरच कोट चढवला, पिकअप काढली.
रस्त्यानं वळसा अकरा किलोमीटरचा.
हजार मीटर ते पाण्यावरून.

दार त्यानंच उघडलं, हातात मेणबत्ती.
"फ्यूज उडालाय," म्हणाला.
"मी शोधतोच होतो दुसरा.
म्हटलं, आता ही तिकडे फॉग लिहून बसणार."
"एवढं कळतं मला," ती म्हणाली,
"चांदणं पडलंय बाहेर."

मग दोघंही फ्यूज शोधत राहिले,
फळीवरच्या, बापाच्या बिस्किटांच्या डब्यात.

वहीत त्या बाराची ओळ कोरी आहे.
सहाची पण.