धक्क्यावरचा कागद

फेरीबोटीचं वेळापत्रक जिथे लावतात
त्याच फळीवर, खालच्या कोपऱ्यात,
हरवलेल्या बोकडाच्या जाहिरातीशेजारी
एदेल्मिरा कार्कामोने मंगळवारी एक कागद ठोकला.
मी तिकिटं फाडतो. मला सगळं दिसतं.

वही तिने महिनाभर आधीच आणली होती,
कास्त्रोच्या बाजारातून, निळ्या रेघांची,
आणि चार आठवडे नुसतं नाव ठरवत बसली.
'बेटावरच्या गोष्टी'. मग 'बेटावरून'. मग नुसतंच 'बेट'.
कसं वाटतं, तिने मला विचारलं.
म्हटलं, बाई, बेट आम्हाला ठाऊक आहे,
आम्ही त्यावरच राहतो.

मग नाव राहिलं बाजूला.
पहिलं पान तिने अकरा वेळा लिहिलं नि खोडलं.
'प्रिय वाचकहो' असं लिहिलं आणि एकटीच लाजली:
कोण वाचक? कुठला प्रिय?
बत्तीस वर्षं माशांच्या कारखान्यात
पेटी क्रमांक, किलो, सही,
तिथे कधी हात अडला नव्हता.

शेवटी लावलं ते एवढंच:

सोमवार. ओहोटी सकाळी सहाला.
दाराबाहेरच्या माझ्या उजव्या बुटात
चेर्कान पक्षिणीने पाच अंडी घातली आहेत.
म्हणून मी नवऱ्याचे बूट घालते आहे.
ते मोठे होतात.
तो होता तेव्हा कधी घालून पाहिले नव्हते.

खाली नाव. पुढचा कागद पुढल्या मंगळवारी.

त्या दिवशी एक्केचाळीस तिकिटं गेली.
फळीपाशी दोघं थांबले,
त्यातला एक बोकडवाला.

दुसऱ्या आठवड्याचा कागद पावसाने धुऊन नेला.
अंडी फुटली की नाही, शाईत वाहून गेलं.
तिसऱ्याला तिने पावाची प्लास्टिकची पिशवी चढवली,
चार खिळे मारले,
आणि जुन्या कागदाच्या समासात, तेव्हाच तिला दिसलं,
पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं:
'बुटाच्या टोकात कागद कोंबा. बसतील.'

ती उभ्या उभ्या वाचत राहिली,
बोट सुटली तरी.
कुणी लिहिलं, तिने मला विचारलं.
मी तिकिटं फाडतो, मला सगळं दिसतं,
तरी नाही सांगितलं.
घरी जाऊन तिने ते अकरा खोडलेले कागद
पाच डाव्यात, सहा उजव्यात कोंबले.
बसले.

चौथ्या आठवड्यात मात्र तिला चढली.
दोन पानं भरून समुद्र:
अथांग, अनादि, आणखी बरंच काही.
ज्यांच्या अंगाला तोच समुद्र खारून बसलाय
ती माणसं पहिल्या परिच्छेदावरूनच वळली.
बोकडवाला तेवढा शेवटपर्यंत गेला,
परत वर आला,
आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला,
'ते ठीक. पण पिल्लांचं काय झालं?'

मी निरोप पोचवला.
दुपारी, धक्क्यावर कुणी नसताना,
तिने हातोडीच्या मागच्या टोकाने खिळे उपसले,
कागद उलटा केला, माझंच पेन मागितलं:

पाच होती. तीन काल उडाली.
एक आज.
एक अजून बुटातच आहे, तोंड बाहेर काढून बघतंय.

आज सहावा मंगळवार.
नऊ-दहाची बोट सुटायची वेळ झाली
आणि एदेल्मिराचा पत्ता नाही.
फळीपाशी सातजण, कॉलर वर करून,
वेळापत्रक वाचत असल्यासारखे उभे.
आठ वर्षांत त्यातला एक आकडा बदललेला नाही.

भोंगा देऊ का, खलाशी ओरडला.
मी म्हटलं, थांब जरा,
सुटे पैसे मोजतोय.