कडियाळं

दस्तगीरमियांनी फडक्यावर तीन मांडली:
एक सरळ दांडी,
एक मधोमध मोडणारं,
एक दोन सांध्यांचं, मधे तांब्याचा मणी.
कॅम्पातल्या त्या बोळात भर दुपारी
चामड्याचा नि एरंडेलाचा वास.

घोडी?
भीमथडी. नाव मेथी. तोंडाची हळवी.
पल्ला?
साठ किलोमीटर. पौडपासून, धरणाच्या कडेनं.
आणि हात?
मी गप्प.

त्यांनी वादी माझ्याकडे दिली,
दुसरं टोक स्वतःच्या करंगळीला गुंडाळलं.
म्हणाले, समजा उतार लागला.
मी आवरलं.
त्यांची करंगळी पांढरी पडली.
बोलले काहीच नाहीत,
मोडणारं तेवढं उचलून आत ठेवलं.

घरी, कुणी नाही बघून,
मणी मी जिभेवर ठेवला.
रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्याची चव.
पुढचे दात संपतात, दाढा अजून यायच्या असतात,
त्या नुसत्या हिरडीवर
हे बसणार. सहा तास.

डिसेंबरातली पहाट, धातू गारठलेला.
काखेत धरून ऊब आणली.
मेथीनं हुंगलं, चघळलं,
ओठाच्या कोपऱ्यात एकच सुरकुती,
मग फेस.

बेचाळिसाव्या किलोमीटरला डॉक्टर गोगटे मॅडमनी
नाडी मोजली: अठ्ठावन्न.
जबडा उघडून बोट फिरवलं,
कुठे खरचटलेलं नाही.

मग माझ्या मुठीकडे पाहिलं.
वादी अजून ताणलेली.
सोडा आता, म्हणाल्या,
घोडी केव्हाची उभी आहे.