तिसऱ्या गिअरात

शेवडेबाई म्हणाल्या, गुडघा आता क्लच दाबू देत नाही.
एवढंच. पेट्रोलचा भाव नाही, हवा नाही, पृथ्वी नाही.
डावा गुडघा.
आणि गाडी विकायची नाही.

रबाळ्यात, एमआयडीसीच्या नाल्याला लागून माझं गॅरेज.
तिथे ही गाडी सव्वीस वर्षं येते.
फियाटच्या हाडांवर कुणा हौशी माणसाने चढवलेलं
फायबरचं लाल अंग, दोन दारं, दोन माणसं,
तिसरं कुणी असेल तर त्याने रिक्षा करावी.
कंपनी बंद पडली त्या वर्षी बाईंनी ती घेतली,
हिशेबाच्या सगळ्या पैशांत.
लॅबमधल्या इतर बायकांनी सोनं केलं,
कोपरखैरण्यात खोली केली.
यांनी ही.

हिचा कार्ब्युरेटर मी कानाने लावायचो.
स्क्रू पाव फेरा उजवीकडे, श्वास धरून,
मग एक केस मागे.
माझी हर्षाली, डिप्लोमा झालेली,
बॉनेटवर लॅपटॉप उघडून म्हणाली,
बाबा, आता ऐकायचं नाही, वाचायचं.
मी म्हटलं, तिथे ठेवू नकोस, फायबर आहे.

इंजिन निघालं मंगळवारी.
साखळीवर लटकलं, स्वतःभोवती थोडं फिरलं,
जत्रेतल्या पाळण्यात बळेच बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं,
आणि जमिनीवर तेलाचे चार थेंब टाकून
गप्प.
त्याच्या जागी आली मोटर. कलिंगडाएवढी.
मी दोनदा विचारलं, बाकीची कुठाय?

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक ताटली लागते.
ती बाजारात मिळत नाही.
महाप्याच्या पिल्लईने लेथवर काढली, तीन वेळा.
दोनदा केसभर चुकली,
आणि केसभर म्हणजे
साठच्या स्पीडला तोंडातले दात हलतात.
तिसऱ्या वेळी तो काही बोलला नाही,
चहा सांगितला.

अर्ध्या बॅटऱ्या पुढे, अर्ध्या टाकीच्या जागी.
मागून गाडी बसायला लागली, पाटे वाढवले.
क्लचचं पेडल काढलं.
त्याचं भोक बुजवताना उगाच आत बोट घालून बघितलं.
गिअर कायमचा तिसऱ्यात.
बाई म्हणाल्या, मी तिसऱ्यातच चालवायचे नेहमी.
खोटं.
तुर्भ्याच्या पुलावर चौथा टाकून काय करायच्या
ते पुढच्या टायरांनी मला सांगितलेलं आहे.

आरटीओत साहेब वाकून म्हणाले, सुरू करा.
सुरूच आहे, हर्षाली म्हणाली.
साहेबांनी बॉनेटवर तळवा ठेवला,
डॉक्टर पोटावर ठेवतो तसा,
आणि बराच वेळ वाट बघितली.
महिन्याने नवं कार्ड आलं.
इंधनाच्या रकान्यात दुसरा शब्द.
रंग लाल. तो तसाच.

बाई न्यायला आल्या तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काळ्या झोपला होता.
हा कुत्रा पूर्वी दोन गल्ल्या आधीच उठायचा,
शेपटी हलवत नाक्यापर्यंत जायचा,
बाईंकडे ग्लुकोज बिस्कीट असतं.
आज गाडी त्याच्या नाकापाशी जाऊन उभी राहिली
आणि तो कूस बदलून पुन्हा झोपला.
बाईंनी काच खाली केली. उठ रे, म्हणाल्या.
मग, जरा थांबून, मी आहे.

इंजिन कोपऱ्यात स्टँडवर आहे.
भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला, पुन्हा येतो म्हणाला.
रविवारी हर्षाली नसते.
मी सलाइनच्या बाटलीतून त्याला पावशेर पेट्रोल पाजतो,
शटर अर्धं ओढून.
खोकतं, थुंकतं, मग लागतं.
कुठे जायचं नसलं तरी थरथरत राहतं.

काळ्या धावत येतो.
शटरखालून आत, टेबलामागे, बाहेर, पुन्हा आत,
गाडी शोधतो.
शेवटी माझ्यासमोर बसतो, कान टवकारून.

स्क्रू पाव फेरा उजवीकडे.
थांब रे, मी त्याला म्हणतो, ऐकू दे.
एक केस मागे.