माप

दौलतगंजच्या दुकानात मी सँडलचा अंगठा शिवत होतो
तेव्हा बुद्धन माहूत आला.
म्हणाला, "जूता चाहिए. एक ही."
मला वाटलं, लंगडं गिऱ्हाईक असेल.
लंगडंच होतं. नाव गजक.

मुरारला, वरातीच्या बग्ग्या ठेवतात त्या फरशीबंद आवारात
ती तीन पायांवर उभी.
चौथा जरासा उचललेला,
उंबऱ्याशी चप्पल काढताना आपण उचलतो तसा.

विकत घेताना मालकानं नखं मोजली होती.
अठरा. शुभ.
तळवा कुणी पाहिला नव्हता.
वीस वर्षं दिवसा लग्नांचं डांबर,
रात्री स्वतःच्याच मुतानं ओलं सिमेंट.

डॉक्टरीणबाईंनी लाल औषधाच्या घमेल्यात पाय भिजवला,
वाकड्या सुरीनं मेलेलं कातडं
पापुद्र्या-पापुद्र्यानं उतरवलं.
रापीची चाल मला कळते. बाईंचा हात चांगला आहे.
नखाच्या मुळाशी टोक टेकलं आणि पू आला,
वास असा, की बग्गीचा घोडा मागं सरला.
गजकनं सोंड बुद्धनच्या खांद्यावर ठेवली.
नुसती ठेवली.

मग मी.
पुढच्या पावलाभोवती सुतळी फिरवली.
"दो फेरे नापो," बुद्धन म्हणाला, "पूरी हथिनी मिल जाएगी."
दोन वेढ्यांची सुतळी सरळ धरली,
ती तिच्या खांद्याला जाऊन टेकली.
एवढी उंची, आणि तिचा हिशेब खाली, मातीत.

पायीची वहाण पायी बरी,
हे आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून फार ऐकलंय.
आजा फौजेच्या खोगिरांना टाके घालायचा,
सांगायचा, पूर्वी गुन्हेगाराला हत्तीच्या पायी देत.
आज हत्तीचा पाय माझ्या मांडीवर होता
आणि त्यात वजन नव्हतं.
ते तिनं वरच कुठंतरी धरून ठेवलेलं.

ट्रकच्या टायरचा तळ, म्हशीचं कातडं,
आत कापसाची गादी, तीन बक्कलं.
पहिल्या दिवशी तिनं तो फेकला.
दुसऱ्या दिवशी हौदात बुडवला.
तिसऱ्या दिवशी घालून उभी राहिली,
बुद्धन कोपऱ्यात वाळू पसरत होता,
ती वाळूकडे बघत होती.

माझ्या पावतीबुकात "जोडी" हा शब्द छापूनच येतो.
तो खोडला, "एक" लिहिलं.

पंधरा दिवसांनी बुद्धन पुन्हा दारात.
सगळा भार इतके दिवस
दुसऱ्या पायानं सोसला होता.

या खेपेला छापील शब्दावर
रेघ मारताना हात थांबला.