बोजारा

तान्हा पोळा. गोळीबार चौकामागच्या गल्लीत
लाकडी बैलांची चाकं कुरकुरतात.

गेल्या साली गुणवंत पौनीकरही आला होता दारात,
चौतीस वर्षांचा, मिशीत घाम,
बैलाची झूल पुन्हा पुन्हा नीट करत,
मागे फ्रॉकवाल्या पोरींची रांग.
मी दहाची नोट दिली
आणि दार जरा लवकरच लावलं.

बोलायला त्याला वेळ लागतो.
अरुंद बोळात रिक्षा वळावी
तसा शब्द मागेपुढे होतो ओठांशी.
आम्हीच पूर्ण करून टाकायचो त्याचं वाक्य.
बहुतेक चुकीचं.

चैत्रात नंदाबाईनं त्याला पोह्यांच्या ठेल्यावर घेतलं.
तर्री ती वाढते, त्याचा हात थरथरतो.
प्लेटा, कांदा, लिंबाची फोड त्याच्याकडे.
"काऊन रे, किती वेळ?" कुणी ओरडलं.
"घाई असंन तं समोर समोसा हाय," नंदाबाई म्हणाली.
घाईवाले गेले.
त्यातले थोडे परत आले.

आज बैल ओट्यावर उभा,
शेजारी खुर्चीत गुणवंत, इस्त्रीचा शर्ट,
ओंजळीत पगारातली पाचपाचची नाणी.
बोजारा देण्याआधी प्रत्येकाला नाव विचारतो.
पोरं थांबतात.
पोरांना थांबता येतं.

माझी लेक परतली मूठ मिटून.
"आई, त्यानं माझं नाव तीनदा म्हणून पाह्यलं,
बरोबर येईपर्यंत."

वीस वर्षांचा शेजार आमचा.
माझं नाव त्यानं कधी विचारलं असेल
तर तेही वाक्य
मीच पूर्ण करून टाकलं असणार.