पाच भोकं

औलिस कार्पिनेननं कागद माझ्या टेबलावर पसरला.
पाच भोकं. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही,
वाटण्या झालेली पाच भावंडं जशी.
"रायली, तुझ्या हाताला लाकूड कळतं," तो म्हणाला,
"बघ जरा हिला काय झालंय."

मी शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं.
बंदूक हा माझा प्रांत नव्हे.
पण दुरुस्तीवाला हिएतावारापासून नव्वद किलोमीटर,
शनिवारी एल्कचा हंगाम उघडतो,
आणि ऑक्टोबरात रस्त्यांचा काही नेम नसतो.

आधी पेच. दुर्बिणीखालचा मागचा पेच
नुसत्या बोटानं फिरला.
सापडलं, असं दोघांनाही वाटलं.
आवळला, थेंबभर गोंद सोडला,
वाळूच्या खाणीत जाऊन पुन्हा पाच झाडल्या.
भोकं जागा बदलून बसली,
जवळ आली नाहीत.

मग नळी. ब्रश, तेल, चिंध्या.
चिंधी निळी-हिरवी येत राहिली,
त्याच्या बापाच्या काळापासूनचं तांबं.
अकराव्या चिंधीला जरा पांढरं दिसलं.
नळीच्या ओठावरून कापूस फिरवला,
एकही तंतू अडकला नाही.
ओठ शाबूत. पीळ शाबूत.

मग ती वीस मार्कांची नोट,
चलनातून गेलेली, पाकिटात उगाच राहिलेली.
नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवली.
पुढून मजेत आली,
आणि गोळीघराच्या चार बोटं अलीकडे
डाव्या अंगाला थबकली.
तिथं लाकूड नळीला टेकलं होतं.

बर्चचं लाकूड. उन्हाळाभर पाऊस,
आणि बंदुकीचं कपाट सौनाच्या भिंतीला लागून.
लाकूड फुगतंच. त्यात त्याचा दोष नाही.
पण नळीला थरथरायला मोकळीक हवी;
ऐन बोलताना कुणी कोपरानं ढोसलं
तर कोण सरळ बोलेल?

काठीला सँडपेपर गुंडाळून
मी दुपारभर घासत बसले.
नोट अडखळेना तेव्हा लाकडाला तेल पाजलं.

दुसऱ्या दिवशी खाणीत:
तीन भोकं एकमेकांच्या मांडीवर.
चौथं वीतभर खाली.
पाचवं कागदावरच नाही.

"काडतुसं बदललीस?"
"तोच डबा."
"तापली असेल?"
नळीला हात लावला. कोमट.

"पाठ कर," मी म्हटलं, "या वेळी मी भरते."
झाडलेलं, रिकामं काडतूस आत सारलं,
बोल्ट बंद केला, काही बोलले नाही.
तो पालथा झाला, श्वास सोडला, चाप ओढला.

टिक.

आवाज नाही, खांद्याला धक्का नाही,
तरी नळीनं मान खाली घातली.
मी त्याच्याकडे बघत होते, कागदाकडे नाही.
डोळे गच्च मिटलेले,
कडू औषध पाजताना मुलाचे मिटतात तसे.

थर्मासातली कॉफी मी दोन झाकणांत ओतली.
खूप वेळानं म्हणाला,
"गेल्या वर्षीची ती मादी. दलदलीच्या कडेला.
खाली लागली.
ब्लूबेरीची पानं लाल झालेली,
रक्त कुठलं, पान कुठलं, कळेना.
दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवली."

मग माझ्याकडे न बघता,
"तेव्हाही पेच ढिला होता का गं?"

"असेल."

"आणि लाकूड?"

"असेल तेही."

"की मी?"

वाळूला विचारून उपयोग नव्हता.
जे मी आवळलं, घासलं, पुसलं,
त्याबरोबर मागचा पुरावाही गेला.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात,
काडतुसांचा डबा बाहेर गाडीत ठेवून,
रिकाम्या रायफलीच्या नळीवर दहा सेंटचं नाणं ठेवलं.
चाप ओढायचा, नाणं पडू द्यायचं नाही.
पडलं. पडलं. चुलीखाली गेलं,
काठीनं ओढून काढलं.
एकोणिसाव्यांदा राहिलं.
विसाव्यांदा पुन्हा पडलं.

शनिवारी औलिस कुत्रा घेऊन हाकाऱ्यांत गेला.
रायफल कपाटात;
कपाट आता दुसऱ्या भिंतीला, कोरड्या.
रात्री त्याच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा होता,
आणि रस्त्यावरून जाताना मला ऐकू आलं,
फरशीवर काहीतरी लहानसं
घरंगळत जाताना.